पाच प्रतींची बांधणी

ताजनापेठ, अकोला
शनिवार, ता. १९ ऑगस्ट २००६

अजीज बेटी कहकशाँ हिला शफीक मामूचा सलाम आणि पुष्कळ दुआ.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तेवीस जुलैला तू तुझ्या प्रबंधाच्या पाच प्रती माझ्या हवाली करून गेलीस. पंधरा दिवसांत बांधून देतो असं मी म्हणालो होतो. आज सत्ताविसावा दिवस आहे. मधे तुझे तीन फोन आले. पहिल्या वेळी मी सांगितलं, काळं रेक्झिन नागपूरहून यायचं आहे. दुसऱ्या वेळी सांगितलं, वीज नसते, कटिंग होत नाही. तिसऱ्या वेळी म्हणालो, होत आलं. वीज खरोखर नसते, दिवसाचे आठ-आठ तास जातात, ते खोटं नाही. बाकीचं पुढे लिहितो.

तुझा खोकला कसा आहे? होस्टेलच्या जेवणात तेल फार असतं असं तू म्हणाली होतीस. रात्री दही खात जाऊ नको.

घरची खबर बरी आहे. नसीमबानो मामीचा गुडघा पावसाळ्यात धरतो तसा धरला आहे. वकारचं मोबाइलचं दुकान चालतं, बापाच्या धंद्यापेक्षा बरं. तुझी अम्मी गुरुवारी बार्शीटाकळीहून येऊन गेली, भेंडी आणि गवार घेऊन. कहकशाँचं काम झालं का भाईजान, असं दोनदा विचारलं. तिलाही मी होत आलं असंच सांगितलं. तिनं भेंडी निवडता निवडता माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

पोळा चार दिवसांवर आला. आपल्या गल्लीच्या तोंडाशी झुली आणि गोंडे विकणारे बसतात, ते यंदा दोघंच आले आहेत. त्यातला पुंजाराम पाणी प्यायला माझ्या ओट्यावर येतो. म्हणाला, "चाचा, बैलच इकून टाकले लोकायनं. आता हे गोंडे का मोटरसायकलले बांधू?" तो हसला, म्हणून मीही हसलो. माझ्या धंद्याला मात्र अशी सालं बरी जातात, सांगायला लाज वाटते. खेड्यातले लोक मुलांना नवी पुस्तकं घेत नाहीत, कोणाची तरी जुनी घेतात आणि बांधून मागतात. जूनमध्ये एका मुलीचं भूगोलाचं पुस्तक आलं होतं, त्यावर आधीच्या तिघांची नावं खोडलेली होती आणि चौथं हिचं. पुठ्ठा मी चांगला जाड घातला, म्हणजे पाचव्यालाही पुरेल.

आता मुद्द्यावर येतो. एकतीस तारखेला तुला प्रबंध द्यायचा आहे. त्याच दिवशी तुझे भगवंतराव सर निवृत्त होतात आणि त्यानंतर सगळं नव्या माणसाकडे जाऊन सहा-आठ महिने लांबेल. हे तू सांगितलेलं मी पुठ्ठ्यावर लिहून बरोबर डोळ्यांसमोर लावलं आहे. रोज सकाळी वाचतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

तू आलीस त्या दिवसापासून लिहितो, म्हणजे क्रम चुकणार नाही. आपलं बोलणं घरच्या बोलीत झालं होतं, मी ते मराठीत करून लिहितो आहे. मला उर्दू वाचता येतं पण लिहायला हात अडतो. शाळा मराठी, तीही सहावीपर्यंत, तुला ठाऊकच आहे.

तू चटईवर बसलीस, लहानपणी इथे शाळेला होतीस तेव्हा बसायचीस तशी, आणि गठ्ठे समोर ठेवलेस. मी विचारलं, एवढी एकशे शहाऐंशी पानं कशावर लिहिलीस? तू म्हणालीस, "तुमच्या खळीवरच लिहिलंय समजा, मामू." मग माझ्या खळीच्या डब्यात बोट बुडवून तू मला समजावलंस. मेंदूत पेशी असतात. त्यांच्या अंगावर काही रेणू असतात, ते शेजारच्या पेशीला धरून ठेवतात. आपण काही नवीन शिकतो तेव्हा ही पकड आधी थोडी सैल होते, पेशी नव्या जागी जोडल्या जातात, आणि मग तेच रेणू पुन्हा घट्ट धरतात. तेव्हा कुठे शिकलेलं टिकतं.

मी म्हणालो, "मग आमची खळ बरी. एकदा धरलं की धरलं."

तू म्हणालीस, "धरूनच ठेवलं तर नवीन काही शिकणार कसं?"

मग पिल्लांचं सांगितलंस. एका दिवसाची कोंबडीची पिल्लं. कडू औषधात बुडवलेला मणी त्यांच्यापुढे धरायचा. पिल्लू एकदा चोच मारतं, डोकं झटकतं, आणि पुन्हा त्या मण्याला शिवत नाही. पण शिकल्यावर साधारण साडेपाच तासांनी त्या रेणूंचं काम अडवणारं औषध टोचलं, तर दुसऱ्या दिवशी ते पिल्लू त्याच मण्यावर खुशाल चोच मारतं. साडेपाच तासांची गोष्ट मला लगेच पटली. खळ लावून प्रत शिकंज्यात दाबली की पहिल्या तासात वाटतं, चिकटली. चिकटलेली नसते. पाच-सहा तासांनी आतल्या आत ती दुसऱ्यांदा धरते, आणि नेमका त्या वेळी कोणी शिकंजा सैल केला तर महिन्याभरात पाठ उकलते. मी हे म्हणालो तेव्हा तू वही काढून लिहून घेतलंस. मला फार बरं वाटलं. सहावी पास माणसाचं बोलणं कोणी लिहून घेत नाही.

त्या पिल्लांचं नंतर काय करता, असंही मी विचारलं होतं. तू वही मिटलीस आणि चहाचा कप उचललास. मी पुन्हा विचारलं नाही.

तू गेल्यावर मी हे सगळं पुठ्ठ्याच्या एका लांब पट्टीवर उतरवून ठेवलं. हल्ली मी लिहून ठेवतो. म्हणून आत्ता एवढं नीट सांगता आलं. आठवून सांगितलं असं समजू नको.

काम केलं एकोणतीस जुलैला. वीज दुपारी येणार होती, तेव्हा सकाळच्या उजेडात ओट्यावर बसून पाचही प्रतींची भोकं पाडली आणि दोरा ओवला. दुपारी शेजारी शालिकरामकडे कटिंग करून आणलं. शालिकराम म्हणजे पूर्वीचा छापखानावाला, आता झेरॉक्स काढतो, तुला लहानपणी रद्दीचे पंखे करून द्यायचा तो. संध्याकाळपर्यंत तीन प्रतींना खळ, पुठ्ठा, रेक्झिन सगळं झालं आणि त्या शिकंज्यात गेल्या. सोमवारी त्यांवर सोनेरी अक्षरात तुझं नाव उठवून आणलं.

बेटी, तो शनिवार फार चांगला गेला होता. कित्येक महिन्यांत काम इतकं सरळ झालं नव्हतं. डोक्याला कुठे थांबावं लागलं नाही, हातच करत गेले. नऊ वर्षांचा असताना अब्बांच्या हाताखाली बसायचो, त्यांनी दाभण धरायला शिकवलं, तसं वाटत होतं. मनात म्हणालो, अजून येतं. उगाच घाबरत होतो.

मंगळवारी नसीमबानो तुझं नाव बघायला मागू लागली. तिला इंग्रजी येत नाही, पण सोन्याचं कसं दिसतं ते बघू दे म्हणाली. पदराला हात पुसून तिनं प्रत मांडीवर घेतली आणि उघडली. मग मिटली आणि पुन्हा उघडली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"ये अंग्रेजी है ना जी?"

"हां."

"तो ये सिपारे के सरीकी काहे कू खुल रही?"

तुझ्या पाचही प्रती मी उजवीकडून शिवल्या आहेत.

उर्दूचं पुस्तक उजवीकडून शिवायचं, मराठी-इंग्रजीचं डावीकडून. ही काही सांगायची गोष्ट नाही. पंचावन्न वर्षं मी दोन्ही कामं करतो आहे. सकाळी मदरशातल्या मुलांचे कुराणाचे सिपारे, दुपारी शाळेचं हजेरीपत्रक, मधे हातसुद्धा धुवायचा नाही, आणि गफलत एकदाही झाली नाही. तू डावीकडे बांधणीसाठी दीड इंच जागा सोडली होतीस. उजवीकडे अर्धा इंच होता. दाभण मोकळ्या जागेतून गेलं नाही, अक्षरांतून गेलं. प्रत्येक पानाला, प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या ओळीला.

मी नसीमबानोला म्हणालो, कोणाला बोलू नको, विशेषतः वकारला. ती म्हणाली, "मैं काहे कू बोलूं. बच्ची कू तुम बोलो." त्या दिवसापासून ती रोज सकाळी चहा ठेवताना एवढंच विचारते, बोले क्या. मी नाही म्हणतो. ती कप ठेवून जाते.

तेव्हापासून मी काय करत होतो ते सांगतो. दोन प्रतींना खळ लागली नव्हती, नुसता दोरा होता. त्या सोडवल्या, एकेक भोक मागून पातळ कागदानं बुजवलं आणि डावीकडून नीट बांधल्या. त्या वाचता येतात, उजव्या कडेला देवीच्या व्रणांसारखं दिसतं एवढंच. बाकीच्या तिन्हींच्या पाठीला खळ भरली होती. ओलं फडकं ठेवून ठेवून ती मऊ केली आणि पानं सुटी केली, पण कडा कुरतडल्यासारख्या झाल्या आणि ओळींच्या टोकाची अक्षरं खळीबरोबर निघाली. तिथे मी पट्ट्या लावल्या. मग त्या दोन बऱ्या प्रती समोर ठेवून, तीन प्रतींत गेलेली अक्षरं काळ्या शाईनं काढायला बसलो. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखतो. दिवसाला दहा-बारा पानं व्हायची. पाचशे अठ्ठावन्न पानं कशी होणार हा हिशोब मी रोज करत होतो आणि रोज सोडून देत होतो.

चौदा तारखेला शालिकराम आला. मी ओट्यावर बसलेलो, चष्म्यावर भिंग धरलेलं.

"काहून बे शफ्या, बुढापकायी एबीसीडी शिकून राह्यला का?"

"भाचीचं काम आहे."

त्यानं एक पान उचललं. एक शब्द ओळींच्या टोकाला सारखा येत होता आणि त्याचं शेवटचं अक्षर सारखं भोकात गेलेलं होतं, तो मी त्याला दाखवला. त्यानं वाचला, मेमरी. म्हणाला, "म्हंजे याददाश." मग तुझ्या नावाचं रेक्झिन त्याला दिसलं. ते त्यानं हातात धरलं, पाठ कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं आणि खाली बसला.

"शफ्या, हे त उलटं झालं."

"हो."

"अन् कटिंग माह्या हातून झाली. म्या पाह्यलंच नाही बे. मले वाटलं, तुले समजते."

त्यानं रेक्झिन उलटं करून खाली ठेवलं. मग त्यानं मी काढलेली अक्षरं पाहिली आणि म्हणाला, "हे पाहून त्या परीक्षावाल्याले वाटीन, पोरीनं कोंबडीचं पिलू शाईत बुडवून कागदावर सोडलं." त्याला हसवायचं होतं. मला हसू आलं नाही हे पाहून विचारलं, "पोरीले सांगतलं?"

"नाही."

"मंग कवा सांगशीन? एकतीसले?"

तरी मी पाच दिवस सांगितलं नाही. फोन करायला दोनदा वकारच्या दुकानापर्यंत गेलो. एकदा तुझा आवाजही ऐकला आणि म्हणालो, जरा जपून राहा, पाऊस आहे. फोनवर माझं बोलणं मधेच तुटतं. काय बोलायला निघालो होतो ते समोरच्याचं ऐकेपर्यंत हातातून जातं. कागदावर बरं असतं, मागची ओळ परत वाचता येते.

आज लिहितो आहे त्याचं कारण वेगळं आहे, आणि हेच सगळ्यात कठीण आहे.

काल सकाळी मी तिसऱ्या प्रतीचं पहिलं पान घेतलं. ज्यावर सरांचं प्रमाणपत्र असतं आणि खाली उजवीकडे सही, ते पान. सहीतून दाभण गेलं होतं, मधला एक फाटा तुटला होता, हे मला माहीत होतं. मी ते पान बाजूला ठेवलेलं होतं. काल पाहिलं तर तो फाटा जोडलेला आहे. काळ्या शाईनं, पट्टीवर, माझ्या हातानं. बिघडलेल्यांपैकी बाकीच्या दोन प्रती काढून पाहिल्या. त्यांतही जोडलेला आहे. तीन प्रतींत मी तुझ्या सरांची सही पुरी केली आहे आणि कधी केली ते मला आठवत नाही. नसीमबानोला विचारलं. ती म्हणाली, बुधवारी दुपारी तुम्ही ही पानं पंख्याखाली वाळत घातली होती, मी वर वजन ठेवलं. मला बुधवार आठवतो. पुंजाराम आला होता, भेंडीची भाजी होती, नाही, भेंडी गुरुवारी आली. बुधवारी दुसरी भाजी असेल.

मला एवढं कळतं की दुसऱ्याची सही पुरी करणं हा गुन्हा आहे. ही पानं तू चुकून दिली असतीस आणि कोणी भिंग लावलं असतं, तर तुझी इतक्या वर्षांची मेहनत गेली असती आणि वर तुझ्यावर आळ आला असता. मी नुसता उशीर केला असता तर गोष्ट वेगळी होती. आता मी गप्प राहिलो तर तुझं वाटोळं माझ्या हातानं होईल. म्हणून लिहितो आहे.

हे पहिल्यांदा झालं नाही, तेही सांगून टाकतो. मार्चमध्ये नववीच्या इतिहासाच्या पुठ्ठ्यात मी भूगोल बांधून दिला. ते लोक हसले, मीही हसलो. मे महिन्यात खळीत घालायचं विषारी मोरचूद मी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी ठेवून आलो, आणि तशाच डब्यात. निळं असतं म्हणून नसीमबानोच्या ध्यानात आलं. ती तेव्हा ओरडली नाही, काही नाही. पण आता मोरचूद तिच्या पेटीत कुलपात असतं आणि खळ शिजवायच्या दिवशी ती चिमूटभर मोजून माझ्या तळहातावर ठेवते, लहान मुलाला साखर द्यावी तशी. वकारला यातलं माहीत नाही. त्याला ओट्याची जागा मोबाइलच्या दुसऱ्या काउंटरसाठी हवीच आहे, तो भला मुलगा आहे, माझ्यासाठी थांबला आहे. त्याला कळलं तर तो थांबणार नाही. म्हणून हे त्याला सांगू नको.

वरची ओळ लिहून मी उठलो, वजू करून नमाज पढून आलो. ती ओळ खोडत नाही, पण तू मानू नको. वकारला सांग. माझ्याच्यानं होणार नाही. तू सांगितलंस तर तो ऐकून घेईल आणि मला कमी बोलेल.

तुला एक विचारायचं आहे. ज्या पिल्लांना ते औषध टोचलं, ती फक्त मणी विसरतात की सगळंच? दाणा टिपायचं त्यांना राहतं का? मला असं का वाटतं की जे आधी चिकटलं ते तसंच राहिलं आहे आणि नंतरचं तेवढं सुटतं आहे? अब्बांनी पहिल्यांदा शिवायला दिला तो सिपारा होता. इंग्रजी-मराठीची बांधणी मी पुढे तीन-चार वर्षांनी शिकलो. त्या शनिवारी हात आपणहून पहिल्या जागी गेले. मला कोणी सुई दिलेली नाही. मग हे कशानं होतं? माझं वय अडुसष्ट. तू डॉक्टर नाहीस हे मला समजतं. पण तू यावर पाच वर्षं घालवलीस आणि मी त्या पानांचं एकेक अक्षर हातानं काढलं तरी त्यात काय लिहिलं आहे ते मला कळत नाही, म्हणून तुलाच विचारतो. दवाखान्यात जायला लावशील तर जाईन. वाईट असेल तर वाईट सांग.

आता गठ्ठ्याचं. दोन बऱ्या प्रती वर आहेत, त्यांच्या सहीत भोक आहे पण मी शाई लावलेली नाही, पुन्हा पुन्हा पाहिलं, शालिकरामकडूनही पाहून घेतलं. बिघडलेल्या तीन प्रती खाली आहेत. त्यांची सहीची पानं वेगळ्या पाकिटात घातली आहेत आणि पाकिटावर "ही वापरायची नाहीत" असं लिहिलं आहे. ती तू सरांना दाखव आणि म्हाताऱ्या मामूनं केलं असं सांग. फाडून टाकू नको, नाहीतर तू लपवलंस असं होईल. मेंदूचे रंगीत फोटो तू प्रत्येक प्रतीत चिकटवले होतेस. बिघडलेल्या तीन प्रतींतले सगळे वाफेवर सोडवून मागे पेन्सिलीनं पान नंबर घालून ठेवले आहेत. एकही फाटला नाही. ते नव्या प्रतींना चालतील. गठ्ठा प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळला आहे, तरी बसच्या टपावर ठेवू नको असं गोवर्धन कंडक्टरला सांगितलं आहे.

प्रती नव्यानं छापून घे. बारा दिवस आहेत, सर आहेत तोवर सह्या होतील. बांधणी अमरावतीत कोणाकडूनही करून घे. तू शाळेत होतीस तेव्हा मी म्हणालो होतो, तू पुस्तक लिहिशील तेव्हा जिल्द मी बांधीन. तू ते लक्षात ठेवलंस आणि गल्लोगल्लीचे बाईंडर सोडून पाच गठ्ठे घेऊन इथवर आलीस. ते झालं. आता माझ्यासाठी थांबू नको, मामूला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच थांबू नको. फक्त तिथल्या माणसाला डावी बाजू खडूनं खूण करून दे. तो म्हणेल मला समजतं. तरी दे.

ओट्यावर सध्या चार जुनी पुस्तकं पडली आहेत. ती मी नसीमबानोला शेजारी बसवून बांधतो. शिवायच्या आधी ती विचारते, कौन सी बाजू. मी सांगतो, मग ती बघते. ही चार झाली की नवीन घेणार नाही.

तुझा खोकला कसा आहे ते कळव. वर विचारलं असेल तर असू दे.

हे पत्र आणि गठ्ठा उद्या सकाळच्या अमरावती गाडीनं पाठवतो. गोवर्धन कंडक्टर आपल्याच गल्लीतला आहे, उंच, कानाला बाळी आहे. त्याला होस्टेलचा पत्ता लिहून दिला आहे. तो सोमवारी दुपारच्या गाडीनं परत निघतो, त्याआधी स्टँडवर त्याला गाठ आणि त्याच्याजवळ दोन ओळी दे. गठ्ठा मिळाला, आणि सर सही करतील की नाही, एवढं तरी लिही. रागाच्या ओळी असल्या तरी चालतील, राग यायलाच पाहिजे. पण फोन करू नको, कागदावर लिही, मोठ्या अक्षरात, आणि लवकर दे. ऐकलेलं माझ्याजवळ संध्याकाळपर्यंत राहत नाही. लिहिलेलं असलं तर मी रोज सकाळी वाचीन, आणि रोज मला कळेल की मी तुला सांगितलं होतं.

तुझा,
अजून तुझं नाव न चुकता लिहिणारा,
शफीक मामू